पार्किंग लाईटचा फ्यूज सारखा उडतोय, घरच्या घरी शॉर्ट शोधता येईल का?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, दहाएक वर्षं जुनी. पार्किंग लाईटचा १० अँपिअरचा लाल फ्यूज वरचेवर उडतो. तो गेला की मागचे दोन्ही दिवे, पुढचे छोटे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डची रोषणाई हे सगळं एकदम बंद. हेडलाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर ठणठणीत. नवा फ्यूज कधी आठवडा काढतो, कधी खटका फिरवल्याबरोबर जातो.

हे सगळं पाऊस लागल्यापासून. उन्हाळ्यात कधीच झालं नव्हतं. परवा चोर्ला घाटात धुक्यात मागचे दिवे बंद आहेत हे मागच्या टेंपोवाल्याने हॉर्न मारमारून कळवलं. तेव्हापासून रात्रीची गाडी काढत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बोनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, पाणी शिरलंय, पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. आकडा ऐकून गाडी घेऊन घरी आलो. मल्टीमीटर आहे, हात चालतो, पडवीला लागून शेड आहे. सुरुवात कुठून करू?

कुडाळकर
२० चा फ्यूज घाल रे, आयुष्यात उडणार नाही. ;)

निवृत्त_वायरमन
कुडाळकरांनी डोळा मारलाय, पण हा सल्ला रस्त्यावर गंभीरपणे दिला जातो म्हणून लिहितो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. पार्किंग लाईटची वायर बारीक असते. तिला झेपेल तेवढाच फ्यूज कंपनीने दिलेला असतो. तिथे २० चा पिवळा घातला तर फ्यूज टिकतो आणि वायर तापते. तापते ती छताच्या अस्तरात नाहीतर कार्पेटखाली, म्हणजे धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. चांदीचा कागद गुंडाळणारे तर विचारूच नका.

फोंडेकर, तीन गोष्टी सांगा. १) फ्यूज उडतो तेव्हा गाडी चालत असते की उभी? २) पावसाआधी तुम्ही दिवे लावून किती गाडी चालवत होतात? ३) गेल्या वर्षभरात गाडीत नवीन काय बसवलं? स्टिरिओ, कॅमेरा, फॉग लॅम्प, सीट कव्हर, काहीही.

म्हापसेकर
पाणीच असणार. दरवर्षी हीच कथा. गाडी आंब्याखाली लावतो आपण, पानं वायपरच्या खालच्या जाळीत जाऊन बसतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आत उतरतं. माझ्या गाडीत ते थेट डाव्या पायाशी फ्यूज बॉक्सपर्यंत आलं होतं. क्लिपा हिरव्यागार. जाळी उघडून बघा आधी.

फोंडेकर
काका, १) बहुतेक वेळा चालत असताना, पण एकदा घरासमोर उभी असताना सामान काढत होतो तेव्हाही गेला. २) हा प्रश्न भारी आहे. वेर्ण्याहून साडेपाचला सुटतो, उन्हाळ्यात उजेडात घरी पोचतो. दिवे लावायची वेळ क्वचितच येते. आता चार वाजताच अंधारतं, रोज लावतो. ३) सीट कव्हर. बाकी सगळं कंपनीचं.

निवृत्त_वायरमन
मग "उन्हाळ्यात होत नव्हतं" याला फारसा अर्थ उरला नाही. उन्हाळ्यात त्या वायरीत करंटच नव्हता. शॉर्ट तेव्हाही असेल, खटका बंद होता म्हणून फ्यूजला कळला नाही.

आणि म्हापसेकर, तुमचं पानांचं बरोबर आहे, पण पावसाच्या पाण्याने १० अँपिअरचा फ्यूज उडणं मला पटत नाही. बारा व्होल्टला दोन पिनांमध्ये पाण्याचा थेंब आला तर मिलिअँपिअरमध्ये करंट वाहतो. त्याने तांबं हिरवं पडतं, संपर्क सुटतो, दिवा मंद होतो, बॅटरी हळूहळू उतरते. फ्यूज पटकन जायला धातूला धातू लागावा लागतो. सोललेली वायर आणि बॉडी, किंवा सोललेली वायर आणि तिच्या शेजारची अर्थची वायर.

आता कृती. घरात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असेल, नसेल तर घ्या. त्याचा होल्डर आणि हातभर लांबीच्या दोन वायरी. जळलेल्या फ्यूजचं प्लास्टिक फोडा, आतले दोन पाय काढा, वायरींची टोकं त्या पायांना डाखा आणि उघडा भाग टेपने झाका. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी हे पाय खोचा. झाला तुमचा शॉर्ट शोधायचा दिवा. २१ वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअर. पुढे कितीही घट्ट शॉर्ट असला तरी याहून जास्त करंट जाऊच शकत नाही. काही जळत नाही, फ्यूज वाया जात नाहीत आणि शॉर्ट आहे की नाही हे दिवा सतत सांगत राहतो.

एक गोष्ट बहुतेक व्हिडिओवाले सांगत नाहीत. त्या सर्किटवरचे सगळे बल्ब आधी काढा. पुढचे दोन, मागचे दोन, नंबरप्लेटचा. पाच-पाच वॅटचे पाच बल्ब मिळून पंचवीस वॅट होतात. ते जागेवर असले तर शॉर्ट नसतानाही तुमचा दिवा अर्धवट पेटणार आणि तुम्ही दिवसभर नसलेला शॉर्ट शोधणार. मागचा बल्ब दोन फिलामेंटचा असेल तर तो पूर्णच काढा. डॅशबोर्डचे बारीक दिवे राहिले तरी चालतील, त्यांनी दिवा जेमतेम लालसर होईल.

पूर्ण प्रखर पेटला तर शॉर्ट आत्ता आहे. विझला किंवा लालसर राहिला तर आत्ता नाही.

सांजसावली
काका, मल्टीमीटरने नाही का होणार? माझ्याकडे पीं करणारा आहे. फ्यूजच्या जागेतून बॉडीला लावला की वाजला तर शॉर्ट, असं माझ्या भावाने शिकवलंय.

निवृत्त_वायरमन
वाजेल, आणि खोटं वाजेल. पाच वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध २९ ओहमच्या आसपास असतो. थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे तीनेक ओहम. असे पाच समांतर जोडले तर एक ओहमच्या आत. मीटरला हा शॉर्टच वाटतो. बल्ब काढल्यावर मीटर चालतो. पण फोंडेकरांचा दोष येऊनजाऊन आहे. अशा वेळी मीटरच्या आकड्यावर नजर ठेवत वायरी हलवणं कंटाळवाणं. दिवा डोळ्याच्या कडेनेही दिसतो.

मीटर लावणार असाल तर बॅटरी सोडवूनच, हे विसरू नका. ओहमवर ठेवलेला मीटर जिवंत वायरीला लावला की मीटर जातो.

डिचोलीकर
मध्येच घुसतो, माफ करा. माझा फ्यूज उडत नाही पण गाडी शुक्रवारी लावली की सोमवारी सेल्फ घेत नाही. बॅटरी नवी आहे. हाच दिवा लावू का?

निवृत्त_वायरमन
नको. तुमचा शॉर्ट नव्हे, गळती. तिथे करंट मोजायचा, म्हणून मल्टीमीटर. खाली कोणीतरी सांगेल, मी जेवायला चाललो. आज बांगडे आहेत.

वेर्णा_शिफ्ट
मी सांगतो. कारखान्यात हेच करतो, फक्त मशीन मोठं असतं.

डिचोलीकर, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, खटका डीसी अँपिअरवर. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवायचं आणि ते टोक आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडायचा. यानंतर सेल्फ मारायचा नाही, दिवे लावायचे नाहीत. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बऱ्याचदा आत फ्यूजच नसतो, म्हणजे मीटरच जातो.

जोडल्याबरोबर आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. आजच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबा. दार उघडं ठेवायचं असेल तर दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबा, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. बटणवाली चावी असेल तर ती लांब ठेवा, खिशात नको.

त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर आले तर ठीक. तुमची बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे?

डिचोलीकर
३५ ची. अर्ध्या तासाने मोजले. ०.३८ दाखवतोय. म्हणजे ३८० मिलि?

वेर्णा_शिफ्ट
हो. ३५ ला ०.३८ ने भागा, ९२ तास येतात. पूर्ण भरलेली बॅटरी चार दिवसांत रिकामी. सेल्फ तर त्याच्या बराच आधी हात वर करतो. शुक्रवार ते सोमवार हा हिशेब तंतोतंत जुळतो.

आता एकेक फ्यूज उपसत आकडा कधी पडतो ते बघा असं सगळे सांगतात. मी तसं करत नाही. फ्यूज उपसून परत घातला की काही युनिट जागी होतात आणि परत अर्धा तास बसावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात ना, ते मापायलाच ठेवलेले असतात. मीटर काढा, बॅटरीचं टोक परत जोडा, गाडी पुन्हा झोपू द्या. मग मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या दोन ठिपक्यांवर पिना टेकवत जा. ज्यात करंट नाही तिथे शून्य. ज्यात आहे तिथे आकडा. छोट्या १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर सुमारे १३० मिलिअँपिअर जातोय. तुम्हाला कुठेतरी तीनच्या आसपास दिसायला हवा. मोठ्या फ्यूजचा रोध कमी, तिथे आकडा त्याच मानाने लहान येईल.

डिचोलीकर
अरे वा, हे माहीत नव्हतं. उद्या करतो.

सांजसावली
आमच्या पेडण्याला वेगळाच शॉर्ट. उंदीर! शेतात पाणी भरलं की सगळे वर येतात आणि गरम इंजिनवर संसार थाटतात. मागच्या पावसात इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्या. फोंडेकर, बोनेटखाली लेंड्या, गवत, नारळाचं सोडण दिसतंय का?

कुडाळकर
तंबाखूची पानं ठेवायची बोनेटखाली. आमच्याकडे रामबाण.

सांजसावली
आणि ती सायलेन्सरच्या गरम पाईपवर पडली की? सुकी पानं आणि तापलेलं लोखंड, कल्पनाच नको. मी बारीक तारेची जाळी बसवून घेतली खालून, आणि गाडी भाताच्या कोठारापासून लांब लावते. सध्या शांतता आहे. उंदरांनी केलेलं नुकसान विम्यात बसतं का, ते ज्याने त्याने आपल्या पॉलिसीत वाचावं. आमच्यात थोडं बसलं.

फोंडेकर
उंदराच्या खुणा नाहीत. वायपरखालची जाळी उघडली, पानं आहेत पण आत कोरडं. कॅबिनचा फ्यूज बॉक्सही कोरडा.

दिवा बनवला. सगळे बल्ब काढले, खटका फिरवला, दिवा अगदी अंधुक लालसर. म्हणजे आत्ता शॉर्ट नाही. गाडीची फेरी मारून आलो, तरी नाही. आता काय, वाट बघू?

निवृत्त_वायरमन
वाट कशाला बघायची, त्याला उठवा. पण सगळं उघडत सुटू नका. कुठे बघायचं ते ठरवून उघडा.

वायर एकतर जिथे हलते तिथे तुटते किंवा सोलते, नाहीतर जिथे माणसाने हात घातलेला असतो तिथे. हलण्याच्या जागा: दाराच्या बिजागराशी असलेला रबरी बूट (वायरी ज्यातून जातात ती लवचिक नळी), डिकीच्या बिजागराशी असलेला बूट, स्टिअरिंगखालचा जुडगा, सीटखालची रेल. हात घातलेल्या जागा: स्टिरिओच्या मागे, नंबरप्लेटचे स्क्रू, मडफ्लॅपचे स्क्रू, टो हूक. एखाद्याने पत्र्याचा लांब स्क्रू पिळला आणि तो आतल्या जुडग्यात घुसला, असंही मी पाहिलंय. तुमच्यात सीट कव्हर बसवलंय, पण सीटखालून पार्किंग लाईटची वायर सहसा जात नाही. ते शेवटी.

तुम्ही म्हणालात, एकदा गाडी उभी असताना सामान काढताना गेला. सामान कुठून काढत होतात?

फोंडेकर
डिकीतून!

निवृत्त_वायरमन
मग एक माणूस दिव्यापाशी बसवा आणि डिकी उघडा, मिटा, अर्ध्यावर धरा, आपटा. नंबरप्लेटचा दिवा डिकीच्या दारावर आहे ना? त्याची वायर छतातून बिजागराच्या बुटातून तिकडे जाते. दर वेळी डिकी उघडली की ती वाकते. दहा वर्षांत किती वेळा वाकली असेल याचा हिशेब तुम्हीच करा. चवथीचं माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामानही तिथूनच आलं असेल.

पर्वरी_विजेवर
एक सूचना करून ठेवतो, कारण हा धागा वाचून कोणीतरी आपली हायब्रिड किंवा विजेवरची गाडी उघडेल. नारंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर तिथे हात लावायचा नाही. शेकडो व्होल्ट असतात, हा बारा व्होल्टचा खेळ नव्हे. आणि कुठल्याही गाडीत पिवळे कपलर, पिवळी नळी घातलेल्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नका. स्टिअरिंगखाली काम असेल तर बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा आणि मगच.

नव्या गाड्यांत आणखी एक. बऱ्याच ठिकाणी दिव्यांना आता साधा फ्यूज नसतो, बॉडी कंट्रोल युनिट स्वतःच करंट मोजून बंद करतं. तिथे काकांचा दिवा लावायला जागाच नाही, स्कॅनर लागतो.

वेर्णा_शिफ्ट
आणि बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि १० चा पाना बॉडीला टेकला तर पाना वेल्ड होतो. अंगठी, कडं काढून ठेवा. त्याआधी स्टिरिओचा कोड आहे का बघा, काही गाड्यांत बॅटरी काढली की तो मागतो. काचेचं बटणही परत शिकवावं लागतं.

फोंडेकर
सापडला!!

मुलीला फ्यूज बॉक्ससमोर बसवलं आणि "पेटला की ओरड" सांगितलं. डिकी पूर्ण उघडी, काही नाही. पूर्ण बंद, काही नाही. हळूहळू खाली आणली आणि अर्ध्याच्या थोडं खाली आल्यावर ती किंचाळली. थोडी वर, विझला. थोडी खाली, लख्ख. मग दोन-तीन वेळा नुसतं गंमत म्हणून केलं.

डाव्या बिजागराशी रबरी बूट आहे तो दोन्ही बाजूंनी सोडवून मागे सरकवला. वरून बूट नव्यासारखा, आत वायरींचं इन्शुलेशन ताठ होऊन बांगड्यांसारखं तुकड्या-तुकड्यात फुटलंय. नंबरप्लेटची वायर आणि तिच्या शेजारची काळी अर्थची वायर, दोघींचं तांबं उघडं, एकाच जागी. डिकी ठरावीक कोनात आली की एकमेकींना चिकटतात. पाण्याचा थेंबही नाही.

म्हापसेकर
हम्म. बरं.

निवृत्त_वायरमन
शाब्बास. पण अजून दुरुस्तीला हात घालू नका. दिसली तीच गुन्हेगार असं धरू नका, सिद्ध करा. त्या दोन वायरी एकमेकींपासून वेगळ्या करून मध्ये टेपचा तुकडा ठेवा आणि डिकी पुन्हा वर-खाली करा, आपटा. दिवा अजिबात पेटला नाही तर एकच दोष होता. तरीही पेटला तर दुसरी जागा आहे. दोन जागी असणं काही विशेष नाही, वायर सगळीकडे एकाच वयाची असते.

आणि त्या बुटात आणखी कोण कोण आहे ते मोजा. मागचा वायपर, काचेचा डिफॉगर, डिकीचं लॉक. डिफॉगरची वायर जाड असते, तिचा फ्यूज २० किंवा ३० चा असतो. ती सोलली तर प्रकरण नंबरप्लेटच्या दिव्याइतकं सौम्य राहणार नाही.

फोंडेकर
टेप लावून केलं, कितीही आपटली तरी दिवा गप्प. बुटात सहा वायरी आहेत. डिफॉगरच्या वायरीलाही भेगा पडल्यात पण तांबं अजून दिसत नाही. मागचा वायपर गेल्या वर्षापासून मधेच थांबायचा, त्याची वायर आतून तुटत आलीय. दोन-तीन तारांवर लोंबकळतेय.

आता जोडू कसं? तिथेच टेप मारून चालेल?

कुडाळकर
टेपने महिनाभर चालेल. मग पुन्हा ह्याच धाग्यावर भेटू.

निवृत्त_वायरमन
कुडाळकर यावेळी खरं बोलले. बुटाच्या आत जोड द्यायचा नाही, कुठल्याच प्रकारचा. जिथे जोड असतो तिथे वायर ताठ होते आणि ताठ भागाच्या कडेला पुन्हा तुटते. सहाही वायरी बुटाच्या दोन्ही बाजूंना हातभर अलीकडे-पलीकडे कापा. एक बाजू छताच्या अस्तरामागे, दुसरी डिकीच्या आतल्या पॅनेलमागे. मधला अख्खा भाग नव्या वायरीचा. जोड दोन्हीकडे स्थिर जागी येतील.

एका वेळी एकच वायर कापा आणि जोडा, म्हणजे रंगांचा गोंधळ होणार नाही. सहाही जोड एकाच रेषेत आणू नका, मागेपुढे करा. नाहीतर जाडजूड गाठ होते आणि बूट बसत नाही. वायर घ्याल ती बारीक तारांची, मऊ. घरच्या वायरिंगची ताठ वायर चालणार नाही. सिलिकॉनचं आवरण असलेली मिळाली तर उत्तम, ती उन्हातही लवचिक राहते. जाडी मूळ वायरीइतकी किंवा एक पायरी जास्त, कमी नको. डिफॉगरला तर मुळीच नको.

वेर्णा_शिफ्ट
डाखण्याऐवजी क्रिम्प करा, म्हणजे धातूची छोटी नळी वायरींवर चेपून जोड द्या, असं माझं मत. डाखलेल्या जागी कथील वायरीत चढतं आणि वायर ताठ होते. गाडीत थरथर असते.

निवृत्त_वायरमन
चांगला क्रिम्प करायला चांगली पकड लागते. साध्या पकडीने चेपलेला क्रिम्प सहा महिन्यांत सैल होतो. ज्याच्याकडे पकड आहे त्याने क्रिम्प करावा, ज्याच्याकडे डाखणी आहे त्याने डाखावं आणि दोन्ही बाजूंना आधार मिळेल असं बांधावं. वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी, आतून गोंद असलेली मिळते ती. साधी काळी टेप आपल्या उन्हात पाघळते, मग हाताला चिकट आणि वायरीला सुटी.

फोंडेकर
माझ्याकडे डाखणी आहे. वायर आणि स्लीव्ह फोंड्याच्या बाजारात मिळाली, सहा रंग मिळाले नाहीत म्हणून चार रंग आणि दोन वायरींना चिठ्ठ्या.

डिचोलीकर
माझी पण बातमी. सगळे फ्यूज तपासले. एकाच फ्यूजवर २.७ मिलिव्होल्ट, बाकी सगळीकडे शून्य किंवा ०.१. तो स्टिरिओ आणि आतल्या दिव्याचा. आतला दिवा बंद आहे हे काच काढून बघितलं. डिकीचा दिवा पण त्याच फ्यूजवर, तो बंद होतो का हे बघायला मोबाईल व्हिडिओवर लावून आत ठेवला आणि डिकी मिटली. विझतो. राहिला स्टिरिओ. तो मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवलाय.

वेर्णा_शिफ्ट
बाहेरच्या स्टिरिओला बहुतेक दोन पॉझिटिव्ह असतात. पिवळी कायम बॅटरीवर, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल चावीवर, म्हणजे चावी काढली की स्टिरिओ झोपतो. बसवणाऱ्याला चावीवरची वायर पटकन सापडली नाही की तो लाल-पिवळी एकत्र पिळतो आणि बॅटरीवर देतो. गाणी वाजतात, ग्राहक खूष. स्टिरिओचा पडदा विझला तरी आतून तो जागाच राहतो. मागचा कपलर बघा.

डिचोलीकर
बघितलं. लाल-पिवळी एकत्र पिळून वर टेप! सोडवून लाल वायर सिगारेट लायटरच्या चावीवरच्या लाईनला दिली, मध्ये छोटा फ्यूज घालून. आता अर्ध्या तासाने ०.०३. पूर्वी बॅटरी बदलायला लावली होती ती उगाच.

सांजसावली
तुम्ही लोक असंच लिहीत राहा, मी मल्टीमीटरचे नवे सेल आणायला चालले.

एक विचारू का? फोंडेकरांचा फ्यूज उडाला की डॅशबोर्डची रोषणाई पण जायची ना. म्हणजे मागचे दिवे गेले हे गाडीत बसूनच कळायला हवं होतं. घाटात टेंपोवाल्याने कशाला सांगायला पाहिजे?

फोंडेकर
बरोबर पकडलंत. स्पीडोमीटरचा काटा माझ्या गाडीत दिवसाही उजळलेलाच असतो, त्याला वेगळी लाईन आहे. पार्किंगच्या फ्यूजवर फक्त एसीची बटणं, स्टिरिओची बटणं आणि खटक्यांच्या आतले दिवे आहेत. धुक्यात समोर बघत असताना एसीचं बटण पेटलंय का याकडे कोण बघतो? आता बघतो.

निवृत्त_वायरमन
चांगली खूण आहे. ज्यांच्या गाडीत असं आहे त्यांनी रात्री निघताना एसीच्या बटणाकडे एक नजर टाकावी.

फोंडेकर
काम झालं. सहाही वायरी बदलल्या. बूट परत घालताना मात्र घाम निघाला. सहा नव्या मऊ वायरी त्या निमुळत्या रबरातून जाईनात. शेवटी ताठ तार आधी आरपार घातली, वायरींची टोकं मागेपुढे करून तिला टेपने बांधली, आतून साबणाचं पाणी लावलं आणि ओढलं. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. बूट पत्र्याच्या भोकात बसला की त्याची कड पूर्ण बाहेर आली आहे का हे बोटाने फिरवून बघा, नाहीतर तिथूनच पाणी छतात जाईल आणि म्हापसेकरांचं म्हणणं खरं होईल.

आधी काकांचा दिवा लावून डिकी मनसोक्त आपटली, मग बल्ब परत बसवले आणि लाल १० चा फ्यूज. वायपरही आता न थांबता फिरतो. काका, देव बरें करूं.

म्हापसेकर
अभिनंदन. तरी वायपरखालची पानं काढलीत का?

फोंडेकर
काढली. अर्धी बादली निघाली.